उघड्या माथ्याची टोपी

१

फ्रिज दुरुस्त करण्यात माझी हयात गेली. लोकांना वाटतं फ्रिज थंडी तयार करतो. थंडी नावाची काही वस्तूच नसते. फ्रिज फक्त आतली ऊब उचलतो आणि मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. ऊब आपोआप येत नाही, तिला कुठून तरी यावं लागतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल की म्हाताऱ्याला चळ लागला. म्हणा बापडे.

निवृत्त झाल्यावर मी घरात लुडबुड करू लागलो, तेव्हा बायकोने माझ्या हातात गोल सुई दिली. हात रिकामे राहिले की तुम्ही माझा चालू मिक्सर उघडून बसता, असं तिचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. गोल सुई म्हणजे दोन आखूड सुया आणि त्यांना जोडणारी एक लवचीक दोरी. काठाचे टाके घालायचे, पहिला टाका शेवटच्याला जोडायचा आणि मग दोन सुलट, दोन उलट करत नुसतं गोल फिरत राहायचं. टोपी काठापासून वर वाढत जाते, माथा सगळ्यात शेवटी बंद होतो. मला एवढी एकच वस्तू येते. आमच्या ओळखीत माझी टोपी नसलेलं डोकं सापडणं कठीण आहे, आणि ती आवडीने घालणारं डोकं सापडणं त्याहून कठीण.

या विणीची एक गंमत आहे. सुलट टाक्यांचे पट्टे पुढे येतात, उलट टाक्यांचे मागे दबतात, आणि टोपी भात्यासारखी मिटून बसते. डोक्यात घातली तरच ताणून उघडते, काढली की पुन्हा मिटते. दुसरी गोष्ट, गोल विणताना कायम बाहेरचीच बाजू आपल्यासमोर असते. आत काय चाललंय ते विणणाऱ्याला दिसत नाही. दिसायची गरजही नसते.

त्या हिवाळ्यात आमच्या लेकीला दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली. बाळाला दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं होतं. बायकोने तिला पहिल्यांदा पाहिलं आणि म्हणाली, मिरीएवढी आहे, पण तिखट दिसते. तेव्हापासून ती मिरी. आम्हाला तिला हात लावायला मनाई होती, काचेतून बघायला तेवढी परवानगी. मी तिथल्या मोठ्या सिस्टरना विचारलं की आम्ही करायचं तरी काय. त्या म्हणाल्या, आजोबा, एवढ्याशा जिवाची सगळी ऊब डोक्यातून उडून जाते, तुम्ही एक टोपी करून आणा, संत्र्याच्या मापाची.

आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्याच धंद्यातलं काम सांगितलं गेलं होतं, फक्त उलट्या बाजूने. मी त्याच संध्याकाळी मऊ पिवळी लोकर आणून टाके घातले. दोन-तीन बोटं काठ विणून झाला, तेव्हा खिडकीजवळच्या तिपाईवर सुईसकट ठेवून झोपायला गेलो.

सकाळी टोपी उचलली तर ती मिटलेली नव्हती. पट्टे फाकून उघडले होते आणि आतून ती कोमट होती, आत्ताच कोणीतरी डोक्यावरून काढून ठेवावी तशी.

२

मी माणूस कारण शोधणारा. खिडकीत ऊन येतं का? येत नाही, समोर भिंत आहे. हीटर? तो पलीकडच्या खोलीत, आणि विजेच्या बिलाला घाबरून मी तो रात्री बंदच करतो. मांजर आम्ही पाळलेलं नाही. राहता राहिली बायको. तिने रात्री गरम पाण्याची पिशवी तिपाईवर ठेवली होती का, असं विचारलं, तर तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पुढचा प्रश्न गिळला. तुम्हीच उशाशी घेऊन झोपला असाल, ती म्हणाली, मनी वसे ते स्वप्नी दिसे.

बरं, असेल. मी ती मांडीवर घेतली आणि पुढे विणू लागलो. हातात असेपर्यंत ती शहाण्यासारखी मिटलेली राहिली.

दुपारी दवाखान्यात गेलो. मिरीच्या छातीवर वायरी चिकटवलेल्या होत्या. लेक पेटीशेजारी स्टुलावर बसून होती, डोळे सुजलेले. जावईबापू कुठल्या तरी कागदांवर सह्या करायला गेले होते. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि आम्हाला समजेल अशा भाषेत सांगून गेल्या. मिरी मधूनच श्वास घ्यायला विसरते. या बाळांचं असं होतं. मशीन बोंब मारतं, सिस्टर तळपायावर टिचकी मारतात, की पुन्हा घेते. वजन वाढलं आणि हे विसरणं थांबलं की घरी नेता येईल. आणि नाही थांबलं तर, असं लेकीने विचारलं. त्या म्हणाल्या, थांबावं यासाठीच आम्ही इथे आहोत. हे उत्तर नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना कळलं.

मी काचेपाशी उभा राहून तिचा श्वास पाहत होतो. आत, बाहेर, आत, बाहेर. मग काहीच नाही. मशीन ओरडलं, सिस्टरनी टिचकी मारली, पुन्हा आत. माझा स्वतःचा श्वास कधी थांबला होता ते मला कळलंच नाही.

घरी आलो. बायको स्वयंपाकघरात होती. बैठकीच्या खोलीत बूट काढताना मला एक बारीक आवाज ऐकू आला, लोकर खिळ्याला अडकून हळूच ओढली जावी तसा. थांबला, पुन्हा आला. मी मोजा हातात धरून बसून राहिलो. आत, बाहेर, आत, बाहेर, आणि मग काहीच नाही. तिपाईवरच्या टोपीकडे मी बघत होतो. ती उघडलेली होती आणि हलत नव्हती. कितीतरी वेळाने तो आवाज पुन्हा सुरू झाला.

कान वाजतात या वयात, असं मी स्वतःला सांगितलं. दिवसभर तेच ऐकून आल्यावर दुसरं काय ऐकू येणार?

३

माप बघायला म्हणून मी दुसऱ्या दिवशी एक संत्रं आणलं. टोपी त्यावर चढवली तर नेमकी बसली. माथा अजून उघडाच होता, त्यातून संत्र्याचा देठ दिसत होता. बायकोला दाखवलं. छान आहे म्हणाली, नाक-डोळे काढा म्हणजे झालं. त्या दिवसांत आम्ही हसायची एकही संधी सोडत नव्हतो, कारण तशा फार येत नव्हत्या.

संत्रं तसंच टोपीत ठेवून आम्ही झोपलो.

सकाळी संत्रं जमिनीवर होतं, कपाटाखाली घरंगळलेलं. टोपी तिपाईवर उभी होती. रिकामी टोपी उभी राहत नाही. लोकर काही पुठ्ठा नव्हे. पण ती उभी होती, आणि चारी बाजूंनी इतकी ताणलेली होती की मागे दबलेले उलट टाके सपाट होऊन बाहेर दिसत होते. सुईची दोरी तटतटली होती. आतलं जे काही होतं ते संत्र्याहून मोठं होतं.

मी जवळ गेलो नाही. खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून बघत राहिलो. घड्याळ चालत होतं, नळ गळत होता, रस्त्यावर कोणीतरी गाडी चालू करत होतं. सगळं जिथल्या तिथे होतं. मग बायकोच्या चपलांचा आवाज आला आणि माझ्या डोळ्यांदेखत टोपी मिटली. झटकन नाही, सावकाश, कोणीतरी डोकं अलगद काढून घ्यावं तशी. पुढे जाऊन आत बोटं घातली. गरम होती.

तेव्हा पहिल्यांदा मला जे वाटलं ते स्पष्टच सांगतो. मला वाटलं, माझ्या नातीची टोपी तिच्या आधी दुसरंच कोणीतरी घालून बघतंय. कोण, याचा विचार करायची माझी छाती नव्हती. पण एक कळत होतं, की हे काम मिरीच्या नावाने सुरू केलंय, आणि त्यात दुसऱ्या कोणाचं डोकं मी खपवून घेणार नाही.

४

बायको दवाखान्यात डबा द्यायला गेली, तेव्हा मी टोपी उसवायला घेतली.

उसवण्यात काही जोर लागत नाही. सुई काढून घ्यायची आणि धागा ओढायचा. जे विणायला संध्याकाळ लागते ते चहा निवायच्या आत नाहीसं होतं. मी सुई काढली. मोकळे टाके माथ्याच्या कडेला ओळीने उभे राहिले. धागा ओढला तसे ते एकेक करून सुटू लागले. पहिली फेरी गेली, दुसरी गेली. माझ्या डाव्या हातात टोपी होती आणि ती गार पडत चालली होती. साधी गार नव्हे. बर्फाच्या कप्प्याला ओला हात लावल्यावर कातडी चिकटते, तशी.

फोन वाजला. लेक होती.

"बाबा, मिरी श्वास घेत नाहीये," ती म्हणाली. "टिचकी मारली, सगळं केलं. सगळे तिच्याभोवती जमलेत आणि मला बाहेर काढलंय. बाबा, काहीतरी बोल."

धागा माझ्या उजव्या हातात होता आणि मी तो सोडला. फोन खांद्यात दाबून धरला, सुई उचलली आणि मोकळे टाके एकेक करून सुईवर परत घेऊ लागलो. एक घ्यावा तर दुसरा निसटावा. एक टाका खाली पळाला, तो ज्या शिडीने उतरला त्याच शिडीने मी त्याला वर आणला. तिकडे लेक रडत होती. मी तिच्याशी काय बोललो ते मला आठवत नाही. ती नंतर म्हणाली की मी एकच वाक्य बोलत होतो, तिला लहानपणी सायकल शिकवताना म्हणायचो तेच. मी धरलंय, मी धरलंय, मी धरलंय.

शेवटचा टाका सुईवर चढला. टोपी माझ्या हातात हळूहळू उघडली.

"घेतला," लेक म्हणाली. "बाबा, तिने श्वास घेतला."

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हे मलाही माहीत आहे. आयुष्यभर मी गिऱ्हाइकांना हेच समजावत आलो, की शेजारच्यांनी पंखा लावला म्हणून तुमचा फ्रिज बंद पडत नाही. पण त्या दिवसानंतर ती टोपी उसवायची माझी हिंमत झाली नाही.

५

संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं. ती वेड्यात काढेल अशी माझी अपेक्षा होती, जरा इच्छाही होती. ती तिपाईपाशी गेली. टोपी उघडलेली होती, तटतटून. तिने वरच्या उघड्या माथ्यातून हात आत घातला आणि तसाच ठेवला. आजारी पोराच्या कपाळावर हात ठेवून बायका जशा भिंतीकडे बघत राहतात, तशी ती भिंतीकडे बघत राहिली.

"ताप नाहीये," ती म्हणाली.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तिच्या आला नव्हता. तिने काठावरून बोट फिरवलं आणि मला विणकामाबद्दल ऐकवते त्याच सुरात म्हणाली, "घट्ट होतेय. कानावर काचत असेल. टाके वाढवा."

मिरीला द्यायची संत्र्याच्या मापाची टोपी तिने स्वतः करायला घेतली, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी, बोटांनी चाचपत. ती वाकडी झाली, पण झाली, आणि सिस्टरनी ती मिरीला घातली. लेकीने फोटो पाठवला. टोपीखाली चेहरा एवढासा आणि त्यावर नाराजी केवढी.

मी इकडे टाके वाढवत होतो. प्रत्येक उलट पट्ट्यात एक टाका, पुन्हा फिरून एक. काठही घट्ट होता, म्हणून त्यात एका बाजूने विणलेल्या तिकोनी तुकड्याची पाचर बसवली. टोपी वरच्या बाजूला घंटेसारखी पसरू लागली. सकाळी पाहावं तर तेवढीही पुरलेली नसायची, पट्टे पुन्हा ताणलेले. पहिल्या दिवसांत तान्ह्या बाळाचं डोकं असावं तेवढी होती. मग शाळेत जाणाऱ्या पोरीचं. तो श्वास आता मला रोजच ऐकू यायचा, कधी दुपारी पेपर वाचताना, कधी संध्याकाळी दिवे लावायच्या आधी. अजून मधूनच थांबायचा. तो थांबला की मी पेपर खाली ठेवायचो आणि बायको स्वयंपाकघरातला नळ बंद करायची, दोघं आपापल्या जागी उभे राहायचो. पुन्हा सुरू झाला की नळही सुरू व्हायचा. आम्ही याबद्दल एकमेकांशी बोलत नव्हतो.

माणूस कशालाही सरावतो. पण मी रात्री त्या खोलीचं दार लावून घ्यायचो, हेही खरं.

६

मग मिरीचं वजन वाढायचं थांबलं.

आधी थांबलं, मग थोडं उतरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुठलासा जंतुसंसर्ग आहे, औषध सुरू केलंय, हे दोन दिवस महत्त्वाचे. लेक आता रडतही नव्हती. काचेला कपाळ टेकवून बसायची आणि कोणी हाक मारली तर दोनदा मारावी लागायची.

आणि इकडे टोपी मोठ्या माणसाची झाली होती.

माझ्या मनात जे आलं ते कोणाच्याही मनात आलं असतं. तिकडे पोर वाढत नाही आणि इकडे हे वाढतच चाललंय. ऊब आपोआप येत नाही, तिला कुठून तरी यावं लागतं. ही कुठून येत होती? कोणाच्या वाट्याची मी रोज रात्री तिपाईवर मांडून ठेवत होतो? टाके वाढवा म्हटलं म्हणून वाढवले, आणि जिला द्यायचं तिच्याच तोंडचा घास मी काढून दुसऱ्याला भरवत नव्हतो ना? उसवून पाहिलं तेव्हा काय झालं ते मी पाहिलं होतं. ठेवली तर ही खाते, उसवली तर ती जाते. इकडे आड, तिकडे विहीर.

बायको दवाखान्यात होती. हिवाळ्यातली दुपार कलली होती, अंधार पडला नव्हता, पण खोलीतले रंग गेले होते. मी ठरवलं, कापून टाकायची. हळूहळू उसवत बसलो तर पुन्हा कच खाईन. एका घावात काय ते होऊन जाऊ दे. हा विचार शहाणपणाचा नव्हता हे मला आता कळतं. तेव्हा मला फक्त ते थांबायला हवं होतं.

कात्री स्वयंपाकघरात असते. मी ती आणायला गेलो. परत आलो तेव्हा बैठकीच्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं आणि त्या फटीतून बायकोची खुर्ची दिसत होती. ती खुर्ची खिडकीकडे तोंड करून असते, दारातून तिची फक्त पाठ दिसते. पाठीच्या वर एक डोकं होतं.

त्याने माझी टोपी घातलेली होती. सुई अजून टाक्यांत होती, तिची दोन टोकं कानामागे लोंबत होती आणि डोकं हललं की एकमेकांवर टिकटिक करत होती. मी पाचर बसवली होती तिथे काठ जरा वाकडा झाला होता. माथा मी बंद केलेला नव्हता, आणि त्या उघड्या माथ्यातून केस बाहेर आले होते.

पांढरे केस. विरळ, मऊ, नीट विंचरलेले. मधून टाळूची गुलाबी कातडी दिसत होती.

मी कात्री धरून दारातच थांबलो. तेवढ्यात एक हात वर आला. सुरकुतलेला, पाठीवर तपकिरी ठिपके पडलेला, बाईचा हात. त्याने टोपीचा काठ कानावरून जरा वर सारला, खाज आल्यावर सारतो तसा, आणि पुन्हा मांडीवर गेला. ती खिडकीबाहेर बघत बसली होती. तिथे समोरच्या भिंतीखेरीज काही नाही, पण ती अगदी निवांत बघत होती. तिला दुसरं काही काम नव्हतं आणि घाईही नव्हती.

श्वास ऐकू येत होता. आत, बाहेर, आत, बाहेर. म्हाताऱ्या माणसांचं नाक वाजतं तसं थोडं वाजत होतं. मी तो थांबायची वाट पाहत राहिलो. तो थांबला नाही. मी किती वेळ उभा होतो कोण जाणे, पण तो एकदाही थांबला नाही.

हे डोकं मला अनोळखी नव्हतं. संत्र्याएवढं होतं तेव्हापासून रोज सकाळी मी त्याचं माप घेत होतो. बाळाचं होतं, पोरीचं झालं, बाईचं झालं, आणि आता ते म्हातारं होऊन बायकोच्या खुर्चीत ऊब घेत बसलं होतं. हे कोणी कोणाच्या तोंडचं काढून खाल्लेलं नव्हतं. हे नुसतं एकाच माणसाचं वाढत जाणं होतं.

मला वाटलं, एवढी म्हातारी होईल तेव्हा हिला बघायला मी नसेन. तिची आईही नसेल. आम्ही कोणीच नसू आणि ही असेल. आयुष्यात मला एवढा आनंद कधी झालेला नाही. मी दाराची चौकट धरून रडलो, आवाज न करता, ती दचकू नये म्हणून.

"गार लागतंय का गं?" मी विचारलं.

डोकं थोडंसं वळलं. गालाची कड दिसली, तिथे हसू असावं. असावं म्हणतो, कारण नक्की सांगू शकत नाही. माझ्या घामेजलेल्या हातातून कात्री निसटली आणि फरशीवर आपटली, मी खाली पाहिलं, आणि वर पाहिलं तेव्हा खुर्ची रिकामी होती. टोपी बसायच्या जागी पडली होती.

७

मी त्या खुर्चीत बसलो. ती अजून गरम होती. टोपी घेतली आणि माथा बंद करायला लागलो. दोन टाके एकत्र, पुन्हा दोन एकत्र, फेरीमागून फेरी, तसतसं भोक लहान होत गेलं. आता मला घाई नव्हती. मधे दिवा लावायला तेवढा उठलो. शेवटचे थोडे टाके उरले तेव्हा धागा कापला, सगळ्यांतून ओवला आणि ओढला. माथा मिटला.

टोपी हातात मिटून बसली, साध्या टोपीसारखी, आणि हळूहळू खोलीएवढी गार झाली. मी वाट पाहिली, पण ती पुन्हा उघडली नाही. श्वासाचा आवाजही त्यानंतर त्या खोलीत आला नाही. बायको आली, तिने टोपी पाहिली, माझे डोळे पाहिले आणि चहा टाकला. मग मी तिला सांगितलं. तिने एकच विचारलं, की केस नीट विंचरलेले होते का. होते म्हटल्यावर तिचं समाधान झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोपी घेऊन दवाखान्यात गेलो. काही बदललेलं नव्हतं. मिरी पेटीत होती, वायरी होत्या, औषध थेंबथेंब चाललं होतं. लेक भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रात्र बरी गेली, पण अजून काही सांगता यायचं नाही, आजचं आज आणि उद्याचं उद्या. मी मान डोलावली. त्यांचं बरोबर होतं, त्यांना जेवढं दिसतं तेवढंच त्या बोलणार.

मोठ्या सिस्टर पेटीशी होत्या. मी त्यांच्या हातात टोपी दिली. त्यांनी ती उलगडली, दोन्ही हातांनी ताणून पाहिली, मग पेटीतल्या मुठीएवढ्या जिवाकडे पाहिलं. सबंध रात्रपाळी करून दमलेल्या बाई होत्या, तरी त्यांना हसू आवरेना.

"आजोबा, ही कोणाच्या मापाची केलीत? ही हिला बसेपर्यंत म्हातारपण उजाडेल."

"हो," मी म्हणालो. "उजाडेल."